तेराव्या घराची मोजणी

लिमरिकच्या डूराडॉइल भागात राहणारा देवदत्त शिर्के हा त्याच्या विषयातल्या जगातल्या पहिल्या पाच तज्ज्ञांपैकी एक होता. त्या विषयाचे तज्ज्ञ जगात एकूण अकरा होते. गेल्या शतकाच्या शेवटी व्हिडिओगेमांतली माणसं सपाट चित्रांतून उठून नुकतीच त्रिमितीत उभी राहायला शिकत होती. त्या काळात जपानमध्ये निघालेले आणि जपान्यांनीही न खेळलेले गेम, हा तो विषय. त्यांतल्या माणसांची नाकं त्रिकोणी असत, हात खोक्यांसारखे. वीस पावलांपलीकडचं काही काढायची ताकद त्या यंत्रांत नव्हती, म्हणून सगळीकडे धुकं सोडलेलं असे. देवदत्त या धुक्यावर तास-दोन तास बोलू शकत असे, आणि संधी मिळाली की बोलत असे.

पोटापाण्यासाठी तो वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, त्यांना क्रमांक द्यायचे आणि दुरुस्त होईपर्यंत मागे लागायचं, हे काम तो चोख करी. घरी आला की मात्र नियम बदले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या गेममध्ये एखादा दरवाजा भिंतीतून अर्धा बाहेर आलेला दिसला, की त्यात त्याला मोठा आशय सापडे.

त्याच्याकडे असे दोनशे चौदा गेम होते. आयर्लंडची हवा दमट, आणि डबीतल्या जपानी पुस्तिकांना बुरशी येते, म्हणून त्यानं ते सगळे हॉट प्रेसमध्ये लावले होते. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरांतलं पाण्याच्या गरम टाकीचं कपाट. इतर लोक त्यात टॉवेल वाळवतात. शिर्क्यांकडे टॉवेल जिन्याच्या कठड्यावर वाळत. त्याची बायको उर्मिला हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर रक्ताच्या नळ्यांशी शांतपणे वागणारी ही बाई ओल्या टॉवेलाच्या बाबतीत मात्र फार शांत राहत नसे.

"कुणाच्या घरी टॉवेल बाहेर आणि सीड्या उबेत असतात, देवदत्त?" ती विचारायची.

"या सीड्या पुन्हा मिळणार नाहीत, उर्मिला."

"टॉवेल मिळतात म्हणून मी ओल्यानं अंग पुसायचं?"

दोनशे चौदांपैकी एक गेम त्याच्या आयुष्याचा विषय होता. नाव 'किरिमुरा', म्हणजे धुक्याचं गाव. पुण्यात, सतरा वर्षांचा असताना, त्यानं एका दुकानातून फुटबॉलचा गेम आणला होता. डबी उघडली तर आत निघाला हा. भाषा कळत नव्हती. एक टपालवाला, एक डोंगरातलं खेडं, बारा घरं आणि पिशवीत तेरा पत्रं. त्या उन्हाळ्यात देवदत्तनं चार महिने ती पत्रं वाटली. बारा पोचायची, तेरावं उरायचं. बारावीच्या निकालापेक्षा ते तेरावं पत्र त्याच्या जिवाला जास्त लागलं होतं, आणि हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढे इंटरनेट आलं, आणि जगात आणखी दहा माणसं त्याच पत्रापाशी अडकलीत असं त्याला कळलं. त्यांचा एक फोरम होता. तिथे देवदत्तनं एकशे चाळीस पानांचा निबंध लिहिला: 'न पोचणारं पत्र'. तेरावं पत्र पोचवता येत नाही, ते पोचू नये अशीच रचना आहे. मंदीत सापडलेल्या जपानचं एकाकीपण त्या पत्रात बंद आहे, असं त्याचं म्हणणं. फोरमचा व्यवस्थापक यार्को हा फिनलंडमधला ग्रंथपाल. पत्र पोचत नाही हे त्यालाही मान्य होतं, पण त्याच्या मते ते पत्र मृत्यूचं प्रतीक होतं. मंदी की मृत्यू, यावर दोघं नऊ वर्षं भांडत होते. दोघांची आयुष्यं त्यामुळे भरलेली होती.

आता या वादाला व्यासपीठही मिळालं होतं. लिमरिकच्या एका हॉटेलात जुन्या गेमांच्या शौकिनांचा मेळावा भरणार होता, आणि त्यात देवदत्तचं तासाभराचं व्याख्यान ठरलं होतं. यार्को खास विमानानं येणार होता. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर देवदत्तनं ही बातमी टाकली. तिच्याखाली सहा अंगठे आले आणि एकानं विचारलं, "फिफा पण असेल का?"

व्याख्यानाला सात आठवडे उरले असताना उर्मिलाचे वडील तीन महिन्यांसाठी आले.

प्रल्हादराव पिसाळ हे कराडचे. भूमापन खात्यात चौतीस वर्षं मोजणी करून निवृत्त झाले होते. पत्नीला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची सोय बॉक्स रूममध्ये केली. घरातली ही सगळ्यात लहान खोली आतापर्यंत देवदत्तचं संग्रहालय होती. तिथला एकोणतीस इंची, जुन्या काचेच्या नळीचा टीव्ही त्यानं एनिसच्या एका पबमधून आणला होता. तो उचलायला तीन माणसं लागली होती आणि हलवायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळे प्रल्हादरावांची कॉट टीव्हीच्या पुढ्यात पडली. सासरे झोपले की त्यांचे पाय आणि जपानचा इतिहास यांच्यात एक वीतभर अंतर राही.

दुसऱ्याच आठवड्यात ते ओल्या फरशीवरून घसरले आणि घोटा मुरगळला. डॉक्टरांनी महिनाभर घरात बसायला सांगितलं. एका रविवारी देवदत्त व्याख्यानाची तयारी म्हणून किरिमुरा लावून बसला होता. प्रल्हादराव कॉटवर, पाय उशीवर.

"कुठलं गाव म्हणायचं हे, जावईबापू?"

देवदत्तला असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. तो खुर्ची वळवून बसला आणि त्यानं मंदीपासून सुरुवात केली. वीस मिनिटांनी प्रल्हादराव म्हणाले, "ते राहू द्या. ह्याचा नकाशा कुठाय?"

"नकाशा नाही, अण्णा. तोच तर मुद्दा आहे. माणूस हरवावा अशी..."

"बारा घरं हायती, वाटा हायती, ओढा हाय, आन् नकाशा न्हाई? पंचवीस वर्षं झाली म्हणतासा! कुणीच मोजलं न्हाई?"

"मोजायचं कशाला?"

प्रल्हादरावांनी जावयाकडे पाहिलं. मुलगी या माणसाला देताना आपण पुरेशी चौकशी केली होती का, असं काहीसं ते पाहणं होतं.

दुसऱ्या दिवशी देवदत्त ऑफिसला गेल्यावर त्यांनी तेरा वर्षांच्या नातीला, इशिताला, हाक मारली. तिच्या शाळेला सुट्टी होती. इशिताला मराठी सगळं कळे, पण उत्तर लिमरिकच्या इंग्रजीत येई. तिनं आजोबांना मशीन चालू करून दिलं, बटणं दाखवली आणि भूमितीची आलेखवही दिली.

"थँक यू म्हणायचं का तुला?"

"यू'र ग्रँड, आजोबा." म्हणजे, त्याची काही गरज नाही.

त्या काळच्या गेमांत माणूस चालवणं म्हणजे रणगाडा वळवण्यातला प्रकार होता. डावं-उजवं बटण दाबलं की तो जागेवर फिरायचा, वरचं दाबलं की पुढे जायचा, खालचं दाबलं की पाठमोरा मागे यायचा. नव्या पिढीची पोरं या चालीला हसतात. प्रल्हादरावांना ती फार पसंत पडली. माणूस सरळ रेषेत जातो, एका दाबाला एक पाऊल टाकतो, मध्येच तंबाखू मळायला थांबत नाही. मोजणीची साखळी ओढणारा असा माणूस त्यांना चौतीस वर्षांत मिळाला नव्हता.

त्यांनी देवळाचा कोपरा आरंभबिंदू धरला आणि मोजणी सुरू केली. सकाळी नऊला बसत, एकला जेवायला उठत, दोनला पुन्हा बसत, पाचला पेन्सिल ठेवत. शनिवार-रविवार सुट्टी. घरांना गट नंबर पडले. ओढ्याकाठच्या खडकाळ तुकड्यावर बारीक अक्षरात 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, असं लिहिलं गेलं. पत्रांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टपाल हे वेगळं खातं.

देवदत्तला पहिल्यांदा मौज वाटली. फोरमवर त्यानं लिहिलंही, 'माझे सासरे खेडेगावातून आलेले आहेत आणि त्यांना किरिमुरा खरं गाव वाटतं.' त्यावर हसण्याची बरीच चिन्हं आली. यार्कोनं लिहिलं की या भोळ्या नजरेवर एक टिपण व्हायला हवं. देवदत्तनं ते लगेच लिहायला घेतलं.

चौथ्या आठवड्यात, जेवणाच्या टेबलावर, प्रल्हादरावांनी वही उघडली.

"जुळत न्हाई," ते म्हणाले.

"काय जुळत नाही, अण्णा?" उर्मिलानं विचारलं.

"गिरणीचं. पुलापासून हद्दीच्या दगडापर्यंत पुढच्या वाटेनं चाळीस पावलं भरत्यात. मागच्या अंगानं, ओढ्याकडून, सत्तावन्न. दोन्ही वाटा सरळ, दोन्ही टोकं तीच. सतरा पावलं कुठं गेली?"

देवदत्तनं भाकरीचा तुकडा मोडला. "अण्णा, गेम आहे तो. प्रोग्रामर चुकला असेल. तेव्हाचं तंत्रज्ञान..."

"चूक असंल तर सगळ्या गावात थोडी थोडी असती. बाकी सगळीकडं पाऊल न् पाऊल बसतंय. ज्यानं हे केलंय तो मोजून करणारा गडी हाय. एका जागी सतरा पावलं खाल्ली, म्हणजे ती मुद्दाम खाल्ल्याली हायती."

"मे बी ही'ज राइट, डॅड," इशिता म्हणाली.

"इशिता, या विषयावर मी एकशे चाळीस पानं लिहिली आहेत."

"आय नो. नोबडी रेड देम."

उर्मिला पाणी प्यायच्या निमित्तानं उठली आणि स्वयंपाकघरात बराच वेळ पाणी पीत राहिली.

त्यानंतरच्या बुधवारी देवदत्त ऑफिसमधून आला, बूट काढत होता, तोवर वरून हाक आली.

"जावईबापू, आलासा का? ते पत्र देऊन टाकलं बघा."

"कुठलं पत्र?"

"त्येच की. तेरावं. बाई घरातच हुती."

देवदत्त एका पायात बूट ठेवून जिना चढला.

पडद्यावर एक घर होतं. सत्तावीस वर्षांत त्यानं ते कधी पाहिलं नव्हतं. बुटकं, पुढे पडवी, पडवीत दोरीला बांधलेले मुळे वाळत घातलेले. दारात एक म्हातारी उभी होती. तिचं नाक त्रिकोणी, हात खोक्यांसारखे. तिच्या हातात पाकीट होतं.

"कसं?" देवदत्तनं विचारलं.

प्रल्हादरावांनी सांगितलं ते असं. फेरमोजणीत परत येताना टपालवाल्याला वळवलं की तो वळणात अर्धं पाऊल खातो आणि हिशेब बिघडतो. म्हणून त्यांनी त्याला वळवलाच नाही. पाठमोराच मागे चालवत आणला. गिरणीपाशी कुणी पुढे तोंड करून आलं की दृश्य एकदम पालटायचं आणि माणूस आपोआप पुलाच्या वाटेला लागायचा. इतकी वर्षं जो तो तसाच गेला होता. पाठमोऱ्या माणसासाठी मात्र दृश्य पालटलंच नाही. टपालवाला धुक्यात मागे मागे चालत राहिला, आणि बरोबर सतरा पावलांवर पडवीला टेकला.

"आता ती वाचती का बघू," प्रल्हादराव म्हणाले आणि बटण दाबलं.

म्हातारीनं पत्र उघडलं. पडद्यावर जपानी अक्षरं उमटली. देवदत्त फोनवरच्या ॲपमधून एक हजार चारशे दिवस न चुकता जपानी शिकत होता. त्याला 'मुळा' हा शब्द वाचता आला. पुढे अडलं. त्यानं फोनचा कॅमेरा पडद्यापुढे धरला, आणि फोननं अर्थ दिला: 'आई, मुळे मिळाले. गोड आहेत. गुडघा कसा आहे? सणाला येतो. तोवर छपरावर चढू नकोस.'

बस्स. मंदी नव्हती. मृत्यूही नव्हता.

"चांगलं पत्र हाय," प्रल्हादराव म्हणाले. "मुद्द्याचं लिवलंय."

देवदत्त कॉटच्या काठावर बसला. सतरा वर्षांच्या त्या पोराला काय वाटलं असतं, असा विचार त्याच्या मनात आला. पोरगं बहुधा नाचलं असतं. पण चव्वेचाळीस वर्षांच्या देवदत्तच्या मनात लगेच दुसरा विचार आला: व्याख्यान दहा दिवसांवर आलंय, आणि त्याचं नाव 'न पोचणारं पत्र' आहे.

"अण्णा," तो म्हणाला, "हे तूर्त कुणाला सांगू नका. याची तपासणी करावी लागते. एक पद्धत असते."

"व्हय, व्हय. तपासणी झाल्याबिगर कसं? करा तुम्ही."

पद्धत म्हटल्यावर प्रल्हादरावांचं समाधान झालं. त्यांनी नकाशा शाईनं पक्का केला, उत्तर दिशेचा बाण काढला, प्रमाण लिहिलं, आणि गुंडाळी करून ठेवली. मग रोज संध्याकाळी ते विचारत, "तपासणी झाली का?" देवदत्त म्हणे, "चालू आहे." तिसऱ्या दिवशी हे उत्तर ऐकून प्रल्हादराव नुसते "बरं" म्हणाले आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला 'चालू आहे'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

देवदत्तनं त्या दहा दिवसांत स्वतःशी पुष्कळ युक्तिवाद केले. शोध घाईनं जाहीर करणं बेजबाबदारपणाचं आहे. यार्को विमानाचं तिकीट काढून बसलाय, त्याचा विरस कशाला. आधी व्याख्यान होऊ दे, मग यथावकाश, योग्य भाषेत, योग्य संदर्भांसह. ऑफिसात एखाद्या प्रोग्रामरनं सापडलेली चूक असं कारण सांगून दहा दिवस दाबली असती, तर देवदत्तनं त्याच्या साहेबाला ईमेल केली असती. ही गोष्ट त्याच्या ध्यानात आली, पण तेव्हा तो दात घासत होता आणि त्यानं ती चूळ भरून टाकून दिली.

मेळाव्याचा शनिवार आला. हॉटेलच्या एका दालनात जुने गेम होते आणि शेजारच्या दालनात जिल्ह्याची पुष्परचना स्पर्धा. व्याख्यानाला बावन्न माणसं होती. त्यांतल्या चौदा बायका दार चुकून आल्या होत्या, आणि खुर्च्या मऊ असल्यामुळे बसून राहिल्या होत्या. पहिल्या रांगेत यार्को, उंच, फिकट, मांडीवर टिपणवही. तिसऱ्या रांगेत उर्मिला, इशिता आणि प्रल्हादराव. प्रल्हादरावांनी कोट घातला होता. त्यांच्या मांडीवरची गुंडाळी देवदत्तनं मंचावरूनच ओळखली.

व्याख्यान उत्तम झालं. 'तेराव्या पत्राला पत्ता नाही, कारण आपल्यालाही नाही,' या वाक्यावर एका पुष्परचनावाल्या बाईनं डोळे टिपले. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न, काही हरकत?

इशितानं आजोबांच्या कानाशी लागून मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. सगळ्या शब्दांत 'हरकत' हा शब्द प्रल्हादरावांच्या ओळखीचा निघाला. मोजणीनंतर गावात नोटीस लागते, मुदत असते, त्या मुदतीत हरकत नोंदवायची असते, नंतर ऐकून घेत नाहीत. ते उभे राहिले.

"माझी हाय. गिरणीची हद्द चुकल्याली हाय. सतरा पावलं कमी दावलीत."

सगळे इशिताकडे पाहू लागले. इशिता तेरा वर्षांत पहिल्यांदाच मराठीचं भाषांतर करायला उभी राहिली. "माय ग्रँडडॅड सेज," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "युअर मॅन अप देअर इज सेव्हंटीन स्टेप्स शॉर्ट."

युअर मॅन म्हणजे लिमरिकच्या बोलीत 'तो इसम'. स्वतःच्या बापाला उद्देशून हा शब्द वापरल्याबद्दल कुणाला वाईट वाटलं नाही. सभागृह हसलं. हसू विरायच्या आत प्रल्हादराव लंगडत मंचावर पोचले होते. गुंडाळी टेबलावर पसरली गेली, चारी कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवले गेले. मंचावर मशीन चालूच होतं. त्यांनी चष्मा पुसला, बटणांचं यंत्र हातात घेतलं, टपालवाल्याला देवळाच्या कोपऱ्यावर नेऊन गिरणीकडे पाठमोरा उभा केला आणि मागे चालवायला लागले. पावलं ते मराठीत मोठ्यानं मोजत होते. गिरणीपासून मोजणी नव्यानं सुरू झाली तेव्हा पुष्परचनावाल्या बायका त्यांच्याबरोबर इंग्रजीत मोजायला लागल्या.

सतराला पडवी आली. म्हातारी दारात आली. पत्र घेतलं.

यार्को उभा राहिला. मग तो खाली बसला आणि त्यानं तोंड ओंजळीत घेतलं. मागच्या रांगांतून टाळ्या सुरू झाल्या, कुणी शिट्टी मारली. अध्यक्षांनी देवदत्तकडे पाहिलं. बावन्न माणसांनी पाहिलं.

देवदत्तच्या हातात पडद्यावर दाखवायची, लाल ठिपक्याची काडी होती. तिचं बटण त्यानं बंद केलं. त्याला खरं बोलता आलं असतं, आणि मी सांगतो, ते त्याच्या जिभेवर होतं. पण जीभ वळली ती दुसरीकडेच.

"मित्रहो," तो इंग्रजीत म्हणाला, "हाच माझ्या व्याख्यानाचा दुसरा भाग होता."

पुन्हा टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. असा नाट्यमय शेवट या मेळाव्यात आजवर झाला नव्हता, असं अध्यक्ष म्हणाले. देवदत्तनं सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. फोटोत प्रल्हादराव नकाशाची वर आलेली कड दाबून धरताना दिसतात.

ते गाडीनं घरी निघाले. वायपर हलत होते. तिसऱ्या सिग्नलला उर्मिला म्हणाली, "दुसरा भाग?"

देवदत्तनं वायपरचा वेग वाढवला.

"देवदत्त, मी तुला विचारतेय. तुला दहा दिवस माहीत होतं. अण्णा रोज विचारत होते. दुसरा भाग?"

"राहू दे गं उर्मिला," मागून प्रल्हादराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखरच तिची समजूत घालत होते. "असंच असतंय. मोजणी आम्ही करायची, कागदावर सही साहेबाची. चौतीस वर्षं तसंच चाललं. काम बराबर झालं न्हवं? मग झालं."

हिरवा दिवा लागला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तेव्हा देवदत्तनं गिअर टाकला. घरी जाईपर्यंत त्याचे कान गरम होते. उर्मिलानं चार शिव्या घातल्या असत्या तर त्या परतवता आल्या असत्या. सासऱ्यांनी त्याला नेऊन बसवलं होतं ते त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या साहेबांच्या रांगेत, आणि तेही आदरानं.

तीन दिवस तो फोरमवर फिरकला नाही. तिथे त्याचं कौतुक ओसंडून वाहत होतं. चौथ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या गाडीतळावर गाडीत बसून त्यानं लिहिलं: 'तेरावं घर माझे सासरे प्रल्हाद पिसाळ, कराड, यांनी मोजणी करून शोधलं. मला दहा दिवस आधी माहीत होतं. मी लपवलं, आणि नंतर खोटं बोललो. नकाशा सोबत जोडला आहे.' चार वाक्यं झाली होती. फोरमवर त्यानं एवढं थोडक्यात कधीच लिहिलं नव्हतं. पाठवलं आणि लोक तुटून पडतील म्हणून डोळे मिटून बसला.

कुणी तुटून पडलं नाही. त्याच्या कबुलीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दहाच्या दहा जण नकाशाला चिकटले होते. 'पोटखराबा' हे काय, यावर दोन दिवस चर्चा चालली. एकाचं मत पडलं की ती लेखकाच्या अंतर्मनातली पडीक जमीन असावी. यार्कोनं मृत्यू सोडून दिला आणि 'पाठमोरं चालणं: स्मृतीकडे परत' या निबंधाची पहिली साठ पानं आठवड्याभरात टाकली. सासरेबुवांची आणखी कामं पाहायला मिळतील का, अशी सगळ्यांनी विनंती केली.

देवदत्तनं हे सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं, आपली कबुलीसुद्धा. कबुलीपाशी तो अडखळला.

"तुम्ही माझं नाव घातलं का त्यात?" प्रल्हादरावांनी विचारलं.

"हो, अण्णा. पूर्ण नाव. गावासकट."

"दावा बरं."

त्यांनी फोन लांब धरून ते नाव वाचलं. कुठल्याही नकाशाखाली त्यांचं पूर्ण नाव पूर्वी कधी आलं नव्हतं. फोन परत देताना ते म्हणाले, "कराडपुढं जिल्हा सातारा घालायचा हुता." देवदत्तनं तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

त्यांच्या जाण्याआधीच्या रविवारी देवदत्त त्यांना एनिसच्या पलीकडे फिरायला घेऊन गेला. घोटा बरा झाला होता. दोन्हीकडे हिरवी शेतं, आणि शेताशेताला दगडी बांध. प्रल्हादरावांनी एका ठिकाणी गाडी थांबवायला लावली आणि खिशातून टेप काढली. फाटकाला टेकून एक म्हातारा शेतकरी उभा होता. हे लोक रस्ता चुकलेत का, असं त्यानं विचारलं. देवदत्तनं सांगितलं, सासरे मोजणी खात्यात होते, त्यांना बांध बघायचाय. म्हातारा म्हणाला, हा बांध त्याच्या पणजोबानं घातला, आणि पलीकडचा शेजारी या बांधावरून त्याच्याशी अकरा वर्षं बोलत नाही.

"वाद हाय?" प्रल्हादरावांचा चेहरा फुलला. "धरा हे टोक, जावईबापू."

देवदत्तनं टोक धरलं. पाऊस बारीक पडत होता. दगडी बांधांच्या सामाजिक अर्थाविषयी त्यानं एक वाक्य सुरू केलं.

"ताण द्या," प्रल्हादराव म्हणाले. "टेप लोंबतीय."

त्यानं ताण दिला. दीड तास तो तसा उभा राहिला, सांगतील तिथे टोक नेत, एक अक्षर न बोलता. शेतकऱ्यानं घरातून जुना नकाशा आणला, त्याच्याशी आकडे ताडले गेले, आणि प्रल्हादरावांनी निकाल दिला. देवदत्तनं तो इंग्रजीत सांगितला: बांध चार फूट सरकलेला आहे, आणि तो शेजाऱ्याच्या जमिनीत सरकलेला आहे.

म्हाताऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "ग्रँड," तो म्हणाला. "मग आपण हे कुणाला सांगायला नको."

देवदत्तनं याचंही मराठी करून सांगितलं, काही न वगळता. प्रल्हादरावांनी वहीत आकडा लिहिला, खाली तारीख घातली आणि म्हणाले, "त्यास्नी म्हणावं, शेजाऱ्याला बोलवा. दोघांच्या समोर वाचून दावायला लागतंय."

देवदत्तनं तेही सांगितल्यावर म्हाताऱ्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग त्यानं तोंडात दोन बोटं घालून पलीकडच्या घराच्या दिशेनं एक लांब शीळ घातली.